आधी फळ आडवं चिरून बघा : आमची वाटचाल

भाजीपाल्याच्या देशी बियाण्यांचं काम आम्ही नवरा-बायकोनं २०११ साली जालन्याजवळ दोन एकरांत सुरू केलं. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणं कंपनी इथंच उभी केली. आमच्याकडे मात्र भांडवल बेताचं आणि अनुभव त्याहून कमी.

पहिल्याच हंगामात फटका बसला. पिकलेले टमाटे चिरडले, वरवर धुतले आणि बी ताडपत्रीवर टाकलं. बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण तसंच राहिलं. बियांचे गोळे झाले. टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते, आमची त्याच्या खाली आली आणि व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. पुढच्या वर्षी २०१२ चा दुष्काळ. विहिरीनं तळ गाठला.

त्या रिकाम्या दिवसांत आमच्याकडे कामाला येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "मालक, आधी फळ आडवं चिरून बघा. बी कशाला धरून बसलंय ते कळल्याबिगर काढायचं कसं?" आमचा धंदा त्या वाक्यावर उभा आहे.

टमाटा आडवा चिरला, तर मधल्या गराच्या खांबाला बी चिकटलेलं आणि भोवती कप्प्यांत पाणेरी रस. पपई चिरली, तर मधे पोकळी आणि बी सगळं भिंतीला. बी फळात कुठं चिकटलेलं असतं, त्या मांडणीला पुस्तकात बीजकविन्यास म्हणतात. पहिला अक्षलग्न, दुसरा तटलग्न. वाटाण्याची शेंग उकला, एक दाणा या फाकेला, पुढचा त्या फाकेला. सूर्यफुलात एका फळात एकच बी, तळाशी.

मिरचीनं आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं. वाळलेली लाल मिरची उभी फाडली की देठाखाली पांढुरका गाभा दिसतो. बी त्यालाच दाटीनं लगडलेलं असतं, टोकाकडे विरळ. तिखटपणाही त्या गाभ्यातच तयार होतो, बियाला तो नुसता लागतो. आम्ही अख्खी मिरची कुटायचो. बी फुटायचं आणि बायांचे हात रात्रभर जळायचे. आता हाताला तेल लावून, हातमोजे घालून आम्ही मिरची फाडतो आणि देठाकडून बी खरडून घेतो. फुटकं बी जवळपास निघतच नाही.

बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटावं म्हणून टोमॅटोचा गर पाणी न घालता ड्रममध्ये आंबवतो. आमच्या उन्हाळ्यात एक दिवस पुरे, जास्त ठेवलं तर बियाला मोड येतात. भेंडी झाडावरच वाळून शिरांवर तडकू लागली की तोडायची. दोडका वाळला की टोकाची टोपी उडते, उलटा धरून हलवला की बी खाली.

फळाचं पोट कळल्यावर फुलाकडे लक्ष गेलं. आत जितकी बिजं, तितके परागकण लागतात. काकडीच्या एका बाजूला ते कमी पोचले, तर तिकडचं बी भरत नाही आणि काकडी वाकते. म्हणून फुलोऱ्यात आम्ही फवारणी बंद ठेवतो, मधमाश्या टिकल्या पाहिजेत.

आता बियाण्याच्या दर लॉटचे ४०० दाणे, शंभर-शंभरचे चार भाग करून, ओल्या कागदावर उगवणीसाठी तपासतो. नवीन आलेल्या माणसाला पहिला आठवडा दुसरं काम देत नाही. विळी आणि टोपलीभर फळं पुढ्यात ठेवतो. यंदा दोडक्याचं परागीकरण हातानं करतोय. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे आम्ही दोघं आणि मावशी दिवेलागणीपर्यंत वेलांतच असतो.