दोन टक्के कशाचे?

कॅलिफोर्नियात मी सीपीए आहे, म्हणजे तिथली लायसन्सधारी अकाउंटंट. ऑक्टोबर 2025 मध्ये एका क्लायंटने साधं पत्र मागितलं. छापखाना आहे त्यांचा. "तुमच्याकडे माझं काम किती, तेवढं लिहून द्या." त्यांना सीपीएंच्या लायसन्सचं काम बघणाऱ्या कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीवर सार्वजनिक सदस्य म्हणून अर्ज करायचा होता. दहा मिनिटांच्या पत्राला दोन दिवस लागले.

आपल्याकडच्या सीएंना हे बोर्ड चटकन कळत नाही. आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या कौन्सिलवर 32 जण मतदानाने जातात, सरकार फार तर 8 नेमतं. इथे मतदानच नाही. 15 जागा, त्यांत सीपीए 7 आणि लायसन्स नसलेले 8. सातही सीपीए आणि 4 सार्वजनिक सदस्य गव्हर्नर नेमतो, 2 असेंब्लीचा स्पीकर, 2 सिनेटची रूल्स कमिटी. मुदत 4 वर्षं, सलग दोनदाच. बाहेरच्यांचं पारडं एकाने जड ठेवलंय ते मुद्दाम, आणि योग्यच आहे; धंद्यातल्यांनीच धंद्यातल्यांची लायसन्सं तपासायची म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सार्वजनिक सदस्य स्वतः सीपीए नको, त्याचा जवळचा नातेवाईकही नको. शिवाय नेमणुकीआधीच्या 5 वर्षांत तो ज्या सीपीएचा ग्राहक असेल, त्याच्या व्यवसायाच्या 2 टक्क्यांहून जास्त काम त्याचं नसावं. मोठ्या फर्मच्या ग्राहकाला ही अट कधी आडवी येत नाही. माझ्यासारख्या एकटीच्या प्रॅक्टिसमध्ये चांगला ग्राहक म्हणजेच अपात्र ग्राहक.

2020 ची माझी बिलं 2,84,000 डॉलरची, म्हणजे मर्यादा 5,680. त्यांची नेहमीची फी 4,200. पण त्या वर्षी त्यांच्या रिटर्नची चौकशी लागली. 14 तास, तासाला 225, म्हणजे 3,150 वाढले. एकूण 7,350, म्हणजे 2.59 टक्के. गेले!

मग वसुलीचा रकाना काढला. चौकशीच्या बिलापैकी 1,400 डिसेंबरात आले, 1,750 जानेवारीत. 2020 मध्ये जमा 5,600, एकूण वसुली 2,82,250. 1.98 टक्के. सुटले म्हणेपर्यंत 2021 उघडलं: 5,950, एकूण 2,91,000 वर. 2.04. बिलं धरा नाहीतर वसुली, एक वर्ष मर्यादेबाहेर जातंच. टक्के कशाचे, हे कलमात नाही. कायदा लिहिणाऱ्याने छोट्या ऑफिसचं लेजर कधी उघडलं नसावं.

पत्रात दोन्ही रकाने दिले, मत दिलं नाही. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "पाच वर्षं अर्जाच्या तारखेपासून मागे मोजायची की नेमणुकीच्या?"

नेमणुकीच्या. म्हणजे बिलं धरली तर 2020 हे वर्ष 2025 च्या डिसेंबरअखेर मागे पडतं. वसुली धरली तर 2021 साठी आणखी वर्षभर थांबायचं. नेमणूकही लांबू शकते: मुदत संपलेला सदस्य नवा येईपर्यंत, फार तर वर्षभर, खुर्चीवर राहू शकतो.

"म्हणजे मी नुसतं थांबलो तरी पात्र होतो?"

मी म्हटलं, फी वाढवली नाही तर.