दुपारी एक वाजताचे गाव

सेलम नावाचे एक गाव आहे. अमेरिकेच्या नकाशावर या नावाची गावे बरीच सापडतात, पण मी म्हणते ते त्यांतले कोणतेच नव्हे. हे गाव आठवड्याचे पाच दिवस दुपारी एक वाजता उघडत असे आणि दोन वाजता मिटत असे, शनिवार-रविवार बंद. 'डेज ऑफ अवर लाइव्ज' या मालिकेतल्या या गावाशी माझी गाठ पडली ती २००९ च्या हिवाळ्यात. ओहायोतल्या एका लहान शहरात मी तेव्हा शिकत होते, आणि ज्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्यांच्या बैठकीच्या खोलीत हे गाव रोज उघडत असे.

बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या असतील. एक वाजायला पाच मिनिटे असताना त्या इस्त्रीचे टेबल उघडून टीव्हीसमोर लावीत, इस्त्रीत पाणी भरीत, डाव्या हाताला कपड्यांची टोपली ओढून घेत, आणि पडद्यावर वाळूचे घड्याळ दिसू लागले की पहिला शर्ट पसरीत. घड्याळातून वाळू सरावी तसे आपल्या आयुष्याचे दिवस सरतात, असे एक भारदस्त आवाज सांगे. तो आवाज मॅकडॉनल्ड केरी या नटाचा. हा नट १९९४ मध्ये वारला आणि आवाज मात्र मागे राहिला, ही माहिती मला बाईंनीच दिली. त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. "सेलममध्ये मेलेली माणसे परत येतातच," असे म्हणून त्यांनी कॉलरवरून इस्त्री फिरवली.

बाई त्या मालिकेला मालिका म्हणत नसत, 'माझ्या गोष्टी' म्हणत. एक ते दोन हाक मारायची नाही, माझ्या गोष्टी चालू असतात, एवढी एकच अट त्यांनी मला खोली देताना घातली होती. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी अमेरिकन बायकांच्या तोंडी हाच शब्द असे, हे मला पुढे कळले. त्यातल्या 'माझ्या' या शब्दाकडे माझे लक्ष तेव्हा फारसे गेले नव्हते.

पहिले काही दिवस मला उमजेना की बाई मालिका पाहतात की नुसती ऐकतात. त्यांची नजर शर्टाच्या बाहीवर असे आणि कान पडद्याकडे. पात्रे एकमेकांना उगाचच पुन्हा पुन्हा नावाने हाक मारीत. कालच घडलेली गोष्ट आज तिसऱ्याच माणसाला सविस्तर सांगत. एखादे पत्र हाती आले तर ते मोठ्याने वाचून दाखवीत. मला हा सगळा कच्च्या लेखनाचा नमुना वाटे. नंतर लक्षात आले की हे लेखन कच्चे नाही, ते हात गुंतलेल्या माणसासाठी केलेले आहे. बाईंना मान वर करायची गरज फक्त संगीत बदलले की पडे, आणि संगीत नेमक्या त्याच क्षणी बदले.

या लेखनाचे मूळ रेडिओत आहे. १९३० मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर 'पेंटेड ड्रीम्स' ही श्रुतिका सुरू झाली, ती अर्ना फिलिप्स यांनी लिहिली होती; दिवसा चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांची गंगोत्री ती. घरात काम करणारी बाई हीच श्रोता आणि हीच साबणाची गिऱ्हाईक, हे साबणाच्या कारखानदारांनी लगेच ओळखले, प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्यांनी या मालिकांचा खर्च उचलला, आणि त्यावरून 'सोप ऑपेरा' हे काहीसे हेटाळणीचे नाव पडले ते कायमचेच. फिलिप्सबाईंचीच 'गाइडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि थेट २००९ पर्यंत चालली. बहात्तर वर्षे एकच गोष्ट सांगत राहणे म्हणजे काय, याची मला आजही नीट कल्पना करता येत नाही.

पण या मालिकांचे खरे सामर्थ्य त्यांच्या कथानकात कधीच नव्हते. कथानकाबद्दल कोणी काही विचारले तर बाई स्वतःच हसत. नव्वदच्या दशकात मार्लिना नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईच्या अंगात सैतान शिरला होता, आणि तो प्रसंग महिनोन्महिने चालला, हे त्या एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा आजार सांगावा तशा सुरात सांगत. त्यांना खरोखर धरून ठेवणारी गोष्ट वेगळी होती. सेलममधला वार आणि त्यांच्या घरातला वार एकच असे. बाहेर बर्फ पडत असताना तिथेही नाताळ येई. मालिकेतल्या हॉर्टन कुटुंबाच्या नाताळच्या झाडावर प्रत्येकाच्या नावाचा एकेक काचेचा गोळा टांगला जाई, आणि घरात नवी सून आली असेल तर तिच्याही नावाचा. पात्रांचे वय एका दिवसाला एक दिवस याच हिशेबाने वाढे. (लहान मुले तेवढी याला अपवाद. उन्हाळ्यात शिबिराला गेलेले आठ वर्षांचे पोर परत येताना सोळा वर्षांचे होऊन येई, कारण प्रेमप्रकरणांना तरुण मंडळी कमी पडत.) थोरला मुलगा मांडीवर असताना बाईंनी ही मालिका पाहायला सुरुवात केली होती, तो मुलगा आता स्वतः आजोबा होण्याच्या बेतात होता.

२०१० च्या फेब्रुवारीत फ्रान्सेस रीड यांचे निधन झाले. १९६५ च्या ८ नोव्हेंबरला मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला, तेव्हापासून हॉर्टन घराण्याची ॲलिस त्याच साकारीत होत्या. मरताना त्या पंचाण्णव वर्षांच्या होत्या. मालिकेतली ॲलिस मात्र लगेच गेली नाही, कारण या मालिकेचे चित्रीकरण काही महिने आधीच झालेले असे. तिला निरोप द्यायला उन्हाळा उजाडला. त्या आठवड्यात बाईंनी इस्त्री काढलीच नाही. टेबल तेवढे नेहमीच्या जागी लावून ठेवले होते. दोन वाजता त्यांनी बहिणीला फोन लावला. तो त्या रोजच दोन वाजता लावीत. बहीण इंडियानात राहत असे. तिच्याकडेही त्याच वेळी तोच भाग लागलेला असे, त्यामुळे 'पाहिलेस का?' हा प्रश्न त्या दोघींत कधी आलाच नाही. फोन उचलला गेला की बोलणे एकदम मधूनच सुरू होई. त्या दिवशीही तसेच झाले. "तिचा गोळा कोणाकडे जाईल गं?" बाईंनी विचारले, आणि पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नसावे.

३ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाले की ही मालिका एनबीसी वाहिनीवरून निघून, त्याच कंपनीच्या पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर जाणार. शुक्रवार, ९ सप्टेंबर हा वाहिनीवरचा शेवटचा दिवस आणि सोमवार, १२ सप्टेंबर हा नव्या ठिकाणचा पहिला. सत्तावन्न वर्षांना दोन महिने कमी होते. रिकाम्या झालेल्या तासाला बातम्या बसवल्या गेल्या. कंपनीचा हिशेब मला चुकीचा वाटला नाही. दुपारी घरी बसून टीव्ही पाहणारी माणसे दशकानुदशके कमी होत आली होती, आणि १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने या मालिकांचे तासच्या तास खाल्ले, तेव्हा उठून गेलेला प्रेक्षक पुन्हा पुरता परतला नव्हता. उलट दरमहा वर्गणी घेणाऱ्या सेवेला असाच प्रेक्षक हवा असतो, जो रोज येतो आणि वर्गणी बंद करायचे ज्याच्या मनातही येत नाही. तेव्हा मालिका वाऱ्यावर सोडली नाही, तिला दुसऱ्या घरी नेऊन ठेवले, असेच म्हणायला हवे. इतरांच्या नशिबी तेही नव्हते. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' ही सीबीएसवरची मालिका २०१० मध्ये सरळ बंद झाली. १९६३ च्या २२ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी हिचाच भाग मध्येच तोडून दिली होती. देशातल्या कितीतरी बायकांना ते वर्तमान हातातल्या कामासकट, आपल्या गोष्टी ऐकता ऐकता कळले. एकाच क्षणी सगळ्यांच्या घरात असणे याचा असाही एक अर्थ होता.

घर बदलले की सवयी बदलतात, हे मात्र दहा वर्षांपूर्वीच दिसून आले होते. एबीसी वाहिनीने बंद केलेल्या 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या दोन मालिका २०१३ मध्ये प्रॉस्पेक्ट पार्क या कंपनीने इंटरनेटवर पुन्हा सुरू केल्या. आठवड्याला प्रत्येकी चार भाग द्यायचे ठरले होते. काही आठवड्यांतच ध्यानात आले की प्रेक्षक रोज येत नाहीत. भाग साठवतात, मग एका बैठकीत पाहून टाकतात, आणि साठा फार झाला की मागे पडतात. आठवड्याला चाराऐवजी दोनच भाग द्यावे लागले, आणि वर्ष संपायच्या आत प्रयोगही आटोपला. मला यात नवल वाटत नाही. एक वाजता लागणारी मालिका तुम्ही पाहिली नाही तर ती निघून जात असे, आणि तुमच्यावर तिचा काही बोजा राहत नसे. चुकलेला दिवस चुकला, सेलममधली माणसे दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा सांगतच असत. आता मात्र न पाहिलेला भाग कुठेही जात नाही. तो रांगेत उभा राहून तुमची वाट पाहतो, त्याच्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. आणि जी गोष्ट विसावा म्हणून घेतली होती ती न धुतलेल्या भांड्यांसारखी अंगावर येऊ लागते. शिवाय सलग पाहणाऱ्याला ती पुनरुक्ती सोसत नाही. दिवसाआड येणाऱ्या माणसासाठी केलेले सौजन्य त्याला पाल्हाळ वाटते, आणि त्याचे बोट पुढे सरकवण्याच्या बटणाकडे जाते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कामानिमित्त त्या बाजूला गेले असताना मी बाईंना भेटायला गेले. टेबल त्याच जागी होते, टीव्ही नवा होता. नातवाने तो आणून, सेवेची वर्गणीही आजीच्या नावाने भरली होती, आणि तीही साधी पाच डॉलरची नव्हे, तर दहा डॉलरची, विनाजाहिरात. आजीला जाहिरातींचा त्रास नको, हा त्याचा भाव. रिमोटवर लागणाऱ्या तीन बटणांना त्याने लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते आणि पासवर्ड एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या मागे चिकटवला होता. नवा भाग सकाळी सहालाच येऊन पडतो, बाई पाचला उठतात, तरी त्या तो एक वाजताच लावतात. "सकाळी कशी पाहू? सकाळी कामे असतात," त्या म्हणाल्या.

बहिणीचे मात्र तसे नव्हते. ती सहालाच पाहून मोकळी होई, त्यामुळे दोनच्या फोनवर तिला सारे शिळे झालेले असे. आणि एकदा तर तिने सकाळी नऊलाच फोन करून कोणाचे मूल कोणाचे निघाले ते सांगून टाकले. त्यावरून दोघी चार दिवस बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत अबोला धरण्याची ती पहिलीच वेळ, असे बाई म्हणाल्या. त्यात थोडी अतिशयोक्ती असावी. शेवटी तह झाला. बहिणीनेही एक वाजताच लावायचे, आणि दोघींनी बटण एकदम दाबावे म्हणून एकीने दुसरीला फोनची एक रिंग द्यायची.

मी गेले त्या दिवशी एक वाजायच्या सुमारास फोन एकदाच वाजून थांबला. बाईंनी लाल ठिपका दाबला, वाळूचे घड्याळ दिसले, केरींचा आवाज आला, पहिला शर्ट पसरला गेला. पूर्वी जाहिराती लागल्या की त्या इस्त्रीत पाणी घालीत, वाळत घातलेले कपडे पाहून येत, चहाचे आधण ठेवीत. आता मध्ये कुठे थांबायला जागाच नव्हती. तीन शर्ट कोरडेच ओढले गेले, चौथ्याला इस्त्री चिकटेल की काय असे मला वाटू लागले, आणि बाईंनी ती उभी करून ठेवून दिली. जाहिरातींचा त्रास वजा केला की तासाची मालिका चाळीस मिनिटांतही संपते. संपली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला वीस-एक मिनिटे कमी होती.

मी म्हटले, आता लावा ना बहिणीला फोन, तिचेही संपले असेल.

"दोन कुठे वाजलेत अजून?" बाई म्हणाल्या. त्यांनी इस्त्रीत पाणी भरले, तो चौथा शर्ट पुन्हा टेबलावर घेतला, आणि काळ्या पडद्यासमोर उभ्या राहून त्याची कॉलर सावकाश सरळ करू लागल्या.