कोकण सोडून आटपाडीला का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

लग्न असो, बारसं असो, अगदी कोणाचं तेरावं असलं तरी हा प्रश्न मला चुकत नाही. "लोक कोकणात दोन गुंठे मिळावेत म्हणून धडपडतात, आणि तुम्ही चिपळूणचं राहतं घर सोडून सांगलीच्या दुष्काळी आटपाडीला?" पाठोपाठ आवाज जरा खाली आणून दुसरा प्रश्न येतो, "आणि आई तिकडे एकट्याच?" आजवर मी "मुलीच्या तब्येतीसाठी" एवढंच सांगत आले. ते कोणाला पुरत नाही. "दम्यावर आता पंप मिळतात की," असं म्हणून लोक माझ्याकडे बघत राहतात, आणि त्या बघण्यात सासूला टाकून गेलेली सून दिसत असते. म्हणून एकदा सगळं लिहिते.

पंप मिळतात हे मला माहीत आहे. रोज घ्यायचा वेगळा आणि धाप लागल्यावर घ्यायचा निळा वेगळा, दोन्ही आमच्या घरात मुलगी तीन वर्षांची असल्यापासून आहेत. डॉक्टरांनी पहिल्यांदा ओलीचा विषय काढला तेव्हा त्यांच्याशी वाद मीच घातला होता. सगळं कोकण याच हवेत जगतं, माझ्या सासऱ्यांचा जन्म याच घरात गेला, असं म्हणाले होते. ते शांतपणे म्हणाले, "सासऱ्यांना दमा नव्हता." मग त्यांनी समजावलं. गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, माइट्स. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. आमच्याकडे भर पावसाळ्यात ती ९०च्या घरात असते. त्या किड्यांच्या विष्ठेची ॲलर्जी, वर भिंतींवरची बुरशी. मी घरी येऊन गाद्यांना जाड खोळी शिवल्या, जुन्या उशा काढून टाकल्या आणि एवढ्यावर भागेल असं धरून चालले.

मग २०२१चा जुलै आला. चिपळूणकरांना पूर सांगायला नको, पण आमच्या माडीवर काय झालं ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही.

२१ तारखेची रात्रभर पाऊस थांबला नाही. पहाटे पाणी ओटीवर आलं. सासूबाईंचा भरवसा भिंतीवरच्या २००५च्या पुराच्या खुणेवर होता, यापुढे वाशिष्ठी येत नाही म्हणून. ती खूण आमच्या डोळ्यांदेखत बुडाली. आम्ही चौघं माडीवर. धान्याचे डबे, देव, कागदपत्रं, हाताला लागलं ते वर आणलं. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझरही आणला. पण वीज गेलेली होती आणि विजेशिवाय ते मशीन म्हणजे नुसता डबा. मोबाइलला रेंज नाही. आणि स्पेसर, ज्यातून लहान मुलांना पंप देतात ती नळी, ती खालीच राहिली होती.

दहाच्या सुमाराला मुलीला धाप लागली. आधी खोकला, मग ती गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते, कारण तेव्हा तिला बोलायला श्वास पुरत नसतो. गुडघ्यांवर हात रोवून ती बसली होती, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला खोल जात होता. मी पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, बुडाला सुरीने भोक पाडलं, त्यात पंप घट्ट बसवला आणि बाटलीचं तोंड तिच्या ओठांत दिलं. स्पेसर नसेल तर असं करता येतं, हे डॉक्टरांनीच कधीतरी दाखवलं होतं. एकदा दाबायचं, पाच-सहा श्वास घ्यायला लावायचे, परत दाबायचं. थोडं बरं वाटायचं, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून रामरक्षा म्हणत होत्या. प्रत्येक वेळी मी पंप कानाशी हलवून बघत होते, आत किती उरलंय याचा अंदाज घ्यायला. दुपारी तो हलका लागला.

नवऱ्याने खिडकीतून शेजारच्या गच्चीवर ओरडून सांगितलं, त्यांनी पुढच्या गच्चीवर. बऱ्याच वेळाने दोरीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी आमच्या खिडकीशी आली. आत निळा पंप होता. तीन घरं पलीकडे राहणाऱ्या एका आजोबांचा. त्यांनाही दमा. संध्याकाळी पोरांनी होडी आणली आणि आम्ही बाहेर पडलो तोवर मुलगी त्या पंपावर होती.

ते आजोबा सुखरूप आहेत. पण त्या दुपारी त्यांच्याकडे दुसरा पंप होता का, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. उत्तर "नव्हता" असं आलं तर काय करायचं ते मला कळत नाही.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. गाद्या फेकल्या, भिंती धुतल्या, पण त्या सुकेनात. गणपतीत भिंतींवर काळे डाग, दिवाळीत पोपडे. मुलीला त्या चार महिन्यांत पुन्हा पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातले घाटावरचे शिक्षक सांगली-साताऱ्याकडे आंतरजिल्हा बदली मिळावी म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात. त्याच रांगेत हा कोकणातला माणूस उभा राहिला. आंतरजिल्हा बदलीत आधीची सेवाज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्याच्या यादीत सगळ्यांत खाली नाव लागतं. त्याने ते पत्करलं. याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. विचारतात मला.

कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड, पुढे विटा, भिवघाट. एका दिवसाच्या आत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाच्या गावातून पाचशेच्या आसपासच्या गावात. इथली शेजारीण पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "एवढं पाण्याचं गाव सोडून हिकडं कशाला आलासा?" तिचा नवरा गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला दूर तमिळनाडूत. जगायला गाव सोडावं लागतं हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मी मुलीचं सांगितलं, तर ती "मग बरं केलंसा" म्हणाली आणि कामाला लागली. एवढं साधं उत्तर मला माझ्या माणसांकडून मिळालेलं नाही.

आता मुलगी बरी आहे का? आहे. आषाढातसुद्धा मी गाद्या उन्हात टाकते, आणि ती रात्रभर झोपते. पण हवेनेच बरी झाली, असं छातीठोक सांगता येत नाही. मोठं होताना पुष्कळ मुलांचा दमा आपोआप कमी होतो. रोजचा पंप आम्ही आता एक दिवसही चुकवत नाही, त्याचाही गुण असेल. शिवाय पहिल्याच हिवाळ्यात पहाटेच्या कोरड्या थंडीने तिला धाप लागली होती. ज्वारीच्या मळणीचा भुस्सा, रस्त्याची धूळ, गाजर गवत, इथेही शत्रू आहेत. आगरकरांचा जन्म कराडजवळच्या टेंभूचा, पुढचं बरंचसं आयुष्य पुण्यात, दोन्हीकडे कोकणासारखी ओल नाही. तरी दम्याने त्यांना सोडलं नाही, १८९५ साली चाळिशीच्या आत ते गेले. सासूबाई हवापालटाची जुनी उदाहरणं देतात, मिरजेच्या आणि पाचगणीच्या सॅनेटोरियमची. डॉ. बिलिमोरियांनी पाचगणीला ते १९१२ साली काढलं, कारण तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर हवेचं महत्त्व ओसरलं. मग दम्यावर औषध असताना मी हवेमागे का धावले?

हे मला जुनी मीच विचारते, तुमच्याआधी. पूर आला नसता तर गेली असतीस का? बहुतेक नसते गेले. मग कारण हवा की भीती? मी तिला सांगते, त्या माडीवर तूही होतीस. ती म्हणते, पूर रोज येत नाही. ओल रोज येते, मी म्हणते. यापुढे आमचं दोघींचं बोलणं जात नाही.

आता सासूबाई. बदलीचा आदेश आला त्या दिवशी त्या म्हणाल्या, "हिला घेऊन जा. माझं मी बघते." आम्ही सोबत चला म्हटलं, एकदा नाही. त्यांना घर, देव, गणपती सोडायचे नव्हते. त्याच सासूबाई आल्यागेल्याला "गेली सगळी मला ठेवून" असंही सांगतात, हे मला ठाऊक आहे. दोन्ही त्यांच्या मनातलंच आहे, मी त्यांना खोटं म्हणणार नाही. तुम्ही फक्त दुसरं ऐकता, म्हणून पहिलं लिहिलं.

आणि एक. आटपाडीत आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, आगरकरांच्याच टेंभूपासून उचललेलं कृष्णेचं पाणी. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट बघितलेली माणसं कालव्याला नारळ फोडताना मी पाहिली, माझेही डोळे भरले. डाळिंबाच्या बागा होत्याच, आता उसाचे फड दिसतात. तोडणी झाली की पाचट पेटवतात, तो धूर गावावर येतो. तेव्हा मी खिडक्या लावून मुलीला आत बसवते. शेजारणीला या धुराबद्दल मी काही बोलत नाही. तिच्या रानात पहिल्यांदाच ऊस उभा आहे.

गेल्या वर्षी गणपतीला नवरा एकटाच चिपळूणला गेला. यंदा मुलीने हट्ट धरलाय, आजीकडे जायचंच. डॉक्टर म्हणतात, न्या, पंप आणि स्पेसर बरोबर ठेवा, नवी गादी घ्या, तीन दिवसांवर राहू नका. सासूबाईंना गौरी-विसर्जनापर्यंत नात हवी आहे. भाद्रपद अजून लांब आहे, आमचं काही ठरलेलं नाही.