जळालेलं मृत्युपत्र आणि क्यूमधली करवही

माझे सासरे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याचे. त्यांच्या खापरपणजोबांचे वडील कोण, हे शोधायला घेतलं आणि पहिल्याच पायरीवर अडलो. तिथली बहुतेक जुनी मृत्युपत्रं मे १९४२ मध्ये तिथल्या एक्झिटर शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली आहेत. तरी हार न मानता आम्ही दोघं लंडनला, क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोन दिवस जाऊन आलो.

मृत्युपत्रं जळाली, पण वारसांकडून कर घेणाऱ्या खात्याच्या वह्या (मालिका आयआर २६, १७९६ ते १९०३) इथे आहेत. १८१५ नंतर कराचा दर नात्यावर ठरायचा. मुलांना १ टक्का, भावंडांना आणि त्यांच्या मुलांना ३, परक्याला १०. त्यामुळे कारकुनाला नातं नोंदवावंच लागे! १८४७ च्या वहीत एका शेतकऱ्याच्या नोंदीत खापरपणजोबा सापडले. इंग्रजीत पुतण्या आणि भाचा यांना एकच शब्द, पण इथे 'मयत भावाची मुलं' असं लिहून त्या भावाचं नावही दिलं होतं. सासरे त्या ओळीपाशी कितीतरी वेळ बसून राहिले.

जाणार असाल तर रविवार-सोमवार टाळा, तेव्हा बंद असतं. मूळ कागद पाहायला वाचकपत्र लागतं, त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्या. वह्या आधीच मागवून ठेवा, नाहीतर आमच्यासारखा अर्धा दिवस जाईल. आत फक्त पेन्सिल चालते. फोटो काढता येतात, फ्लॅशशिवाय. क्यू गार्डन्स स्टेशनवरून चालत दहा मिनिटं.

१२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांतल्या कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयाच्या नोंदी (मालिका प्रॉब ११) क्यूलाच आहेत. त्यानंतरच्या मृत्युपत्रांची सरकारी वार्षिक सूची आहे, पण ती प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याच्या वर्षाप्रमाणे लावलेली आहे. मृत्यूच्या वर्षी नाव मिळालं नाही, तर पुढची वर्षंही चाळा.

जुन्या मृत्युपत्रात 'सन-इन-लॉ' म्हणजे जावईच असं धरू नका, सावत्र मुलगाही असू शकतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८८२ च्या कायद्याआधी नवरा हयात असलेल्या बाईचं मृत्युपत्र क्वचितच मिळतं. विधवा आणि अविवाहित आत्या-मावश्यांची मात्र जरूर शोधा, त्यांत भाचरंडांची नावं भरभरून असतात.

कर खात्याने करून घेतलेल्या डेव्हनच्या मृत्युपत्रांच्या १८१२ ते १८५७ मधल्या नकला एक्झिटरच्या अभिलेखागारात आहेत. त्या शेतकऱ्याची नक्कल पाहायला आता तिकडे निघालोय.