एका ओळीतला नायट्रोजन

त्या दिवशी मी खरं तर दुसरीच चूक शोधत होते. आमच्या हवामान मॉडेलमधली जंगलं 2100पर्यंत जरा जास्तच जोमाने वाढत होती. कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं वाढतात, हे मान्य. पण वाढीला नायट्रोजनही लागतो, आणि इथे तो कधी कमी पडतच नव्हता.

शोधत शोधत स्थिरीकरणाच्या, म्हणजे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडांना वापरता येईल अशा रूपात आणतात त्या प्रक्रियेच्या, फाइलपाशी पोचले. मुळांवरच्या गाठी, त्यांत राहणारे रायझोबियम जिवाणू, मातीवरची शेवाळं, दगडफूल. एवढा पसारा म्हणजे शेकडो ओळी असणार, असं वाटलं होतं. निघाली एक! दर चौरस मीटरला वर्षाला 1.8 ग्रॅम नायट्रोजन ही कमाल मर्यादा, आणि वनस्पतींच्या निव्वळ उत्पादनाबरोबर (श्वसनाचा खर्च वजा जाता साठलेल्या कार्बनबरोबर) तिच्याकडे चढत जाणारा वक्र. झाडं शेंगावर्गीय आहेत का, मातीत फॉस्फरस आहे का, कशाशी काही देणंघेणं नाही.

कागदावर आकडेमोड केली. उत्पादन 500 ग्रॅम कार्बन, तर नायट्रोजन 1.4 ग्रॅम. 1000 केलं, तर 1.7. वाढ झाली म्हणून नायट्रोजन, नायट्रोजन मिळाला म्हणून आणखी वाढ. खरा जिवाणू नायट्रोजनचा एक रेणू फोडायला निदान 16 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करतो, आणि गाठीत राहणाऱ्याचं ते बिल झाड साखरेत भरतं. मातीत आयता मिळत असेल, तर झाड कशाला भरेल?

मॅडमना दाखवलं. "अगं, जगभरच्या मोजमापांच्या 1999 सालच्या संकलनावर बेतलंय ते. तेव्हा तेवढंच हाताशी होतं." मग चष्मा काढत म्हणाल्या, "आणि मोजायला लोक जातात कुठे? जिथे गाठीवाली झाडं आहेत तिथेच."

हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या संकलनाचा मधला अंदाज वर्षाला 195 टेराग्रॅम होता, म्हणजे 19.5 कोटी टन. 2013 साली औद्योगिक काळापूर्वीचा अंदाज आला तो 58, आणि 2025मध्ये नैसर्गिक परिसंस्थांसाठी 65.

संध्याकाळी ती ओळ बंद केली आणि दुसरी पद्धत जोडली: झाड नायट्रोजनसाठी कार्बन मोजतं, आणि भाव मातीच्या तापमानाप्रमाणे बदलतो. सकाळी पाहिलं, तर जंगलांचा वक्र बराच खाली आलेला. क्षणभर बरं वाटलं. मग मॅडमनी विचारलं, "भाव किती धरलास? आणि जागतिक बेरीज कोणत्या आकड्याशी जुळवलीस?"

तो आकडा मीच टाकला होता.