टाळकऱ्यांच्या तिसऱ्या ओळीत

दिंडीत माझी जागा कुठे, हा प्रश्न आषाढीच्या आधीच्या बैठकीतच निघाला आणि निघाला ते बरं झालं. कुणी म्हणालं, व्हीलचेअर पताकांच्याही पुढे ठेवू, बघणाऱ्यांना प्रेरणा मिळेल. कुणी म्हणालं, अगदी मागे पाण्याच्या गाडीजवळ असू दे, ताई दमल्या तर गाडीत घेता येईल. मी म्हटलं, मला टाळ वाजवता येतो, मी टाळकऱ्यांत चालणार. वीणेकरी काकांनी विषय तिथेच संपवला. "तिसऱ्या ओळीत, मधोमध. खुर्चीला दोघांची जागा लागेल, तेवढी सोडा."

आमची दिंडी छोटी. अन्नपूर्णा मंदिराजवळून सकाळी निघायचं, महू नाका, कलेक्टर कचेरी, मोती तबेला, हरसिद्धी असं करत जुन्या इंदुरात शिरायचं, तिथल्या पंढरीनाथाच्या मंदिराशी भजन म्हणायचं आणि मग पुढच्या एका गल्लीतल्या आमच्या विठ्ठल मंदिरात टेकायचं. पंढरपूरच्या वाटेपुढे हे अंतर काहीच नाही. पण इंदूरच्या मराठी घरांत ज्यांना रजा मिळत नाही, ज्यांचे गुडघे चालत नाहीत, त्यांची वारी हीच.

लहानपणीच्या पोलिओमुळे माझ्या दोन्ही पायांत बळ नाही. कॅलिपर, म्हणजे पायांना बांधायचा आधार, आणि कुबड्यांवर मी शिकले, नोकरीला लागले, संसार केला. पुढे खांदे इतके दुखू लागले की खुर्ची घेतली. नातेवाइकांना वाईट वाटलं, हिचं चालणं सुटलं म्हणून. मला मात्र भाजी हातात घेऊन निवडता येऊ लागली, पिशवी मांडीवर ठेवता येऊ लागली, कारण कुबड्यांनी अडकलेले हात सुटले होते. खुर्चीने मला घराबाहेर काढलं, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

टाळ वाजवायला दोन हात लागतात आणि खुर्ची चालवायलाही दोन. म्हणून शेजारच्या वहिनींशी आधीच ठरवून घेतलं: अभंग चालू असेल तोवर त्या मागून ढकलणार, अभंग संपला की चाकं माझ्या ताब्यात. न विचारता दुसऱ्या कुणी हँडलला हात लावायचा नाही. हे दिंडीत सगळ्यांना सांगावं लागतं. माणूस चांगल्या मनानेच धावतो, पण मागून अचानक धक्का बसला की पुढची छोटी चाकं खड्ड्यात अडकतात आणि बसलेला माणूस तोंडावर जातो.

पावसाची भुरभुर होती. चाकाबाहेरची गोल कडी ओली झाली की हात घसरतो, म्हणून रबरी ठिपक्यांचे हातमोजे घातले होते. फुटपाथचा उपयोग नव्हताच. चढायला उतार असला तर पुढे उतरायला नसतो, आणि दुचाकी येऊ नयेत म्हणून रोवलेल्या खांबांतून खुर्चीही जात नाही. आम्ही रस्त्यावरूनच चाललो.

यापेक्षा मोठा प्रश्न शौचालयाचा, आणि तो कुणी लिहीत नाही. आम्ही खुर्चीवरच्या बायका बाहेर पडायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. स्वच्छतेत 2017 पासून वर्षानुवर्षं देशात पहिला नंबर काढणाऱ्या आपल्या शहरात सार्वजनिक शौचालय सापडतं, ते स्वच्छही असतं. पण दाराशी पायरी असली, किंवा दार खुर्चीच्या रुंदीपेक्षा अरुंद असलं, तर माझ्यासाठी ते बंदच. वाटेवरच्या एका घरातल्या काकूंनी आपलं न्हाणीघर उघडून दिलं म्हणून मी त्या दिवशी पोटभर पाणी प्यायले. ज्या वारीत पाणी पिता येत नाही, ती वारी करा असं मी कुणाला सांगू शकत नाही.

हरसिद्धीजवळ गर्दीतल्या एका बाईंनी माझ्या मांडीवर दहाचं नाणं ठेवलं आणि हात जोडले. टाळ हातात, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, तरी त्यांना खुर्चीच दिसली. मी नाणं त्यांच्या हातात परत दिलं. म्हटलं, "माँजी, मैं भी दिंडी में हूँ, आप भी चलिए." त्या क्षणभर थबकल्या आणि खरंच आमच्याबरोबर पुढच्या चौकापर्यंत आल्या.

वाटेत कुणी ना कुणी संत कूर्मदासांची आठवण काढतंच. हातपाय नसलेले कूर्मदास पैठणहून पंढरीला निघाले, लऊळपर्यंत पोचले, पुढे शरीर चालेना, तेव्हा विठ्ठल स्वतः त्यांच्या भेटीला आला. माढा तालुक्यातल्या लऊळला त्यांचं मंदिर आहे. ही गोष्ट आम्हाला नेहमी एकाच सुरात ऐकवली जाते: तू कशाला त्रास घेतेस, देव तुझ्याकडे येईल. मला त्या गोष्टीत कूर्मदासांचं निघणं दिसतं. घरी बसून देव भेटला असता तर ते पैठण सोडून सरपटत निघालेच नसते. त्यांना वाट हवी होती, सोबत हवी होती, बाकीच्यांना जे जे मिळतं ते सगळं हवं होतं.

विसाव्याला फुगडी सुरू झाली. वहिनींनी हात पुढे केला. मी डाव्या चाकाचा ब्रेक लावला, उजवा हात त्यांना घट्ट दिला, त्या पळू लागल्या आणि खुर्ची त्या एका चाकावर भोवऱ्यासारखी फिरू लागली. ओली जमीन असल्याने ती आणखीच सहज फिरत होती. मग रांगच लागली, पोरं, पोरी, एक आजीही. इतक्या मोठ्याने मी किती तरी दिवसांत हसले नव्हते.

खेळणं ही गरज आहे, हे आमच्या बाबतीत लोकांच्या लक्षातच येत नाही. मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं. आपल्या मध्य प्रदेशचे सत्येंद्रसिंह लोहिया 2018 साली रिले पद्धतीने इंग्लिश खाडी पोहले आणि 2024 साली पद्मश्री झाले. दोघांचा मला अभिमान आहे. पण पराक्रम आणि अंथरूण या दोन टोकांच्या मध्येही आयुष्य असतं. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला जाणं, बागेत फिरणं, नाटकाला जाणं, फुगडी घालणं, यासाठी पदक लागू नये.

मंदिराशी आलो. समोर तीन पायऱ्या. याआधी चार पुरुष मला खुर्चीसकट उचलत. कुणी हात टेकायच्या दांडीला धरतं, कुणी पायपाटाला, आणि हे दोन्ही भाग निघणारे असतात. पाय हवेत, पदर सावरायला हात मोकळा नाही, आणि खाली "सांभाळून, सांभाळून". त्या अवस्थेत दर्शन घ्यायची माझी इच्छा नाही, हे मी या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं.

आमचे पखवाजवाले काका फर्निचरचं काम करतात. त्यांनी मोजायचा टेप लावला. चढणीचा नियम एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी: एक पायरी पंधरा सेंटिमीटरची, तीन मिळून पंचेचाळीस, म्हणजे उतार जवळजवळ साडेपाच मीटर लांब हवा. गल्लीत तेवढी जागा नाही. त्याहून तीव्र फळी टाकली तर खुर्ची मागे उलटू शकते. मग काका मंदिराला वळसा घालून आले. स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराला एकच पायरी होती. एक मीटर ऐंशीची प्लायवूडची फळी, खाली आडव्या पट्ट्या, वर घसरू नये म्हणून खरबरीत रबर. मी माझ्या हातांनी वर गेले. माझ्यामागून गुडघे धरलेल्या दोन आजी त्याच फळीवरून आल्या, आणि खिचडीचं पातेलं उचलून आणणारी मंडळीही.

विश्वस्तांचं म्हणणं, वर्षातून एका दिवसासाठी कायमचं काम कशाला. त्यांच्याशी बोलताना मी कायद्याची प्रत घेऊन बसले. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016. त्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे, आणि शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्याबरोबर धार्मिक आणि करमणुकीच्या जागाही तिच्यात नावानिशी आहेत, मग त्या सरकारी असोत वा खाजगी. आहेत त्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 चे, मुदत 2022 लाच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. वर्षातून एक दिवस का, याचं उत्तरही दिलं: बाकीचे दिवस आम्ही येत नाही, कारण येता येत नाही.

बाजूच्या दाराशी सिमेंटचा उतार आणि कठडा करायचं विश्वस्तांनी मान्य केलं आहे. खर्च दिंडी उचलणार, माप काकांनी काढून दिलं आहे. फुटपाथवरच्या खांबांचं आणि शौचालयाच्या पायरीचं निवेदन फोटोंसकट तयार आहे, ते घेऊन आम्ही येत्या मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीला, जाणार आहोत. तुमच्या पेठेतल्या मंदिराच्या, सभागृहाच्या पायऱ्या मोजून ठेवा आणि माप घेऊन या. निवेदनात जागा भरपूर आहे.