पीएचडीची जागा शोधताना

बहुतेक जण विद्यापीठाचं प्रवेशाचं पान पाहून थांबतात आणि नोकरभरतीचं पान उघडतच नाहीत. स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा पगारी नोकरी असते, त्यामुळे तिची जाहिरात रिक्त पदांमध्ये येते. युरोपातल्या अशा बऱ्याच जागा युरॅक्सेस या संशोधनातल्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर सापडतात. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या निधीवरच्या पीएचडी योजनेची अट मात्र नीट वाचा: भरतीआधीच्या 36 महिन्यांत, जिथे भरती होणार त्या देशात 12 महिन्यांहून जास्त वास्तव्य किंवा मुख्य काम झालेलं असेल, तर सहसा पात्रताच उरत नाही.

जाहिरात नसेल तर थेट प्राध्यापकांना ईमेल लिहावा. खरा घोळ इथेच होतो. 'आदरणीय सर' म्हणत पन्नास जणांना पाठवलेला एकच मजकूर लगेच ओळखू येतो. दीडशे-दोनशे शब्द पुरेत: त्यांचा अलीकडचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातला कोणता प्रश्न पुढे न्यावासा वाटतो, तुम्हाला कोणतं तंत्र येतं. सोबत सीव्ही, पीडीएफमध्ये. निधी आहे का, किती वर्षांचा, हे संकोच न करता विचारा. मार्गदर्शक तयार असूनही पैसे नसल्याने जागा हुकते. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करावी.

शिफारसपत्रं मात्र महिनाभर आधी मागा. आणि होकार देण्यापूर्वी त्या गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शक नसताना, जरूर बोला.